डब्बल झाला म्हणे!

"बारा लाखांना घेतला, चोवीसला विकला. डब्बल!"

मंडळी, हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या क्षेत्रात सापडणं कठीण आहे. कॅन्टीनमध्ये एक सीनियर ते बोलतो आणि पुढच्या शनिवारी तीनचार पोरं साईट व्हिजिटला निघतात. आमच्या मावसभावाने तर वडिलांच्या फंडाच्या पैशातून वांगणीला वन बीएचके घ्यायचं ठरवलंय. राहायला नाही हं, "इन्व्हेस्टमेंट" म्हणून. पुरावा काय, तर हाच वरचा फ्लॅट. २०१२ साली घेतलेला, २०२४ साली विकलेला.

आता जरा एक्सेल उघडू. बारा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सहा टक्केही नाहीत. २०१२-१३ साली पीपीएफवर ८.८ टक्के मिळत होते, तेही घरबसल्या. पुढे, स्टँप ड्यूटी, नोंदणी, ग्रिल वगैरे धरून एक लाख घाला. विकताना एजंटचे दोन टक्के, म्हणजे ४८ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना दीड हजार धरला तरी बारा वर्षांचे २ लाख १६ हजार. भाडं शून्य, कारण "भाडेकरू घर खराब करतात". आता उत्तर येतं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही!

आणि सगळ्यात गमतीचा भाग. प्राप्तिकर खात्याचा महागाई निर्देशांक २०१२-१३ साठी २०० आहे आणि २०२४-२५ साठी ३६३. म्हणजे सरकारी हिशेबाने तेव्हाचे बारा लाख हे आताचे पावणेबावीस लाख झाले. आमचे साहेब बारा वर्षं जागेवरच धावले आणि वर पेढे वाटले.

"अरे पण रेट बघ ना, स्क्वेअर फुटाला कुठल्या कुठे गेला!" असं भाऊ म्हणतो. रेरा महाराष्ट्रात लागू झाला १ मे २०१७ पासून, आणि त्यानंतर बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. त्याआधीच्या जाहिरातीतला दर बहुतेक वेळा सुपर बिल्ट-अपवर असायचा. जिना, लॉबी सगळं त्यात. जुना सुपरचा दर आणि नवा कार्पेटचा दर शेजारी ठेवून "वाढ" काढणारा माणूस इंच आणि सेंटीमीटरची वजाबाकी करतोय. असला कोड रिव्ह्यूत पास केला असता का आपण?

पण खरा घोळ रिसेलमध्येच आहे. दादर-पार्ल्यात जागाच उरलेली नाही, म्हणून जुना फ्लॅटही विकतो. वांगणी-शेलू-नेरळ पट्ट्यात स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटं गेलात की भातखाचरं. तुम्ही विकायला काढता तेव्हा त्याच बिल्डरची फेज थ्री शेजारी उभी असते: नवी लिफ्ट, नव्या टाईल्स, बँकेची माणसं टेबल टाकून बसलेली. तुमच्या बारा वर्षं जुन्या, गळक्या टेरेसखालच्या फ्लॅटला गिऱ्हाईक का यावं? आणि आलंच, तर त्याची बँक भोगवटा प्रमाणपत्र मागते, सातबारा मागते. कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर जमिनीवर सोसायटीचं नाव नाहीच. भाव वाढतो तो जमिनीचा, इमारत दरवर्षी झिजते. आणि आपल्या हातात काय, तर झिजणारी वस्तू.

"कनेक्टिव्हिटी" हा तर परवलीचा शब्द. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग २०१६ साली मंजूर झाला, तेव्हापासून ब्रोशरवर तो छापला जातोय. म्हणजे ती वाढ बिल्डरने तुमच्याकडून आधीच वसूल केली. २७ जुलै २०१९ ला याच वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारच्या वर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. ते मात्र कुठल्या ब्रोशरवर नाही.

डोंबिवली परवडत नाही म्हणून तिथे राहायला जाणाऱ्याशी माझं काडीचंही भांडण नाही. पावणेदोन तासांचा लोकलप्रवास तो डोक्यावर छप्पर हवं म्हणून करतो. त्याला बाजारभाव काय करायचाय? भांडण आहे ते बापाच्या फंडाशी खेळणाऱ्यांशी.

असो. टोकन अजून दिलेलं नाही. भावाला एवढंच सांगितलंय की या रविवारी त्याच बिल्डिंगमधला तयार फ्लॅट "विकायचाय" म्हणून चार एजंटांना फोन कर. किती देतील आणि किती महिन्यांत, दोन्ही लिहून आण. मग मावशीसमोर बसून बोलू.