प्रश्न केवळ गाठ काढण्याचा नाही

अमेरिकेचे ख्यातनाम बेसबॉलपटू टोनी ग्विन यांचे १६ जून २०१४ रोजी वयाच्या ५४व्या वर्षी लालाग्रंथीच्या कर्करोगाने निधन झाले. तोंडात तंबाखू धरण्याच्या सवयीमुळेच हा रोग जडला, असे ते स्वतः मानत. पुढे २०१६च्या करारान्वये तेथील मुख्य लीगमध्ये नव्याने दाखल होणाऱ्या खेळाडूंवर अशा तंबाखूची बंदी आली. बंदी योग्यच होती. मात्र तोंडाच्या कर्करोगाशी तंबाखूचे नाते जसे निर्विवाद आहे, तसे लालाग्रंथीच्या कर्करोगाशी सिद्ध झालेले नाही.

महाराष्ट्रात हा फरक ध्यानात घ्यायला हवा. निर्व्यसनी माणूस कानाखालच्या न दुखणाऱ्या गाठीकडे 'आपल्याला काय होणार' म्हणून दुर्लक्ष करू शकतो. या गाठींपैकी सुमारे ८० टक्के कानाजवळच्या ग्रंथीत होतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, हे खरे. पण ग्रंथी जितकी लहान, तितकी कर्करोगाची शक्यता अधिक. जबड्याखालच्या ग्रंथीत ती जवळपास निम्मी आहे. सुईने पेशी तपासल्याखेरीज निदानाची दिशा ठरत नाही.

शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. खरी कसोटी लागते ती येथेच. डोळा मिटणे, हसणे, ओठांची हालचाल यांचे नियंत्रण करणारी चेहऱ्याची नस कानाजवळच्या ग्रंथीतूनच जाते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, नसेचे कार्य शाबूत असेल आणि ती गाठीपासून सोडवता येत असेल, तर ती वाचवावी. कर्करोगाने नसेला वेढले असेल, तर मात्र ती कापून दुसऱ्या नसेचे रोपण करण्याचा विचार होतो. आक्रमक गाठींत नंतर किरणोपचार दिले जातात.

म्हणूनच पहिली शस्त्रक्रिया निर्णायक ठरते. अर्धवट काढलेली गाठ पुन्हा उद्भवली, तर व्रणांच्या जाळ्यातून नस शोधणे कितीतरी अवघड होते. मुंबईत १९४१पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. २०१२मध्ये देशातील कर्करोग केंद्रांना जोडणारे राष्ट्रीय जाळेही उभे राहिले. आता गरज आहे ती गावातील पहिल्या डॉक्टरने 'साधी गाठ' म्हणून चिरा देण्याऐवजी रुग्णाला वेळेत पुढे पाठवण्याची. त्या एका चिठ्ठीवर रुग्णाचे आयुष्य आणि त्याचा चेहरा, दोन्ही अवलंबून असू शकतात.