जीपचे हृदय बदलण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जीप हे वाहन कधी केवळ हौसेचे नव्हते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, ऊस आणि तंबाखूच्या शिवारांतले चिखलाचे रस्ते, रात्री-अपरात्री येणारी व्हिजिटची बोलावणी या सर्वांना पुरून उरणारी गाडी म्हणून ती आपल्याकडे रुजली. आज रस्ते सुधारले, गावोगावी दवाखाने झाले आणि जीपची गरज ओसरली. तरीही अनेक घरांच्या अंगणात, ताडपत्रीखाली, वडिलांची किंवा आजोबांची जीप उभी आहे. तिला पुन्हा चालती करण्याची ऊर्मी अलीकडे आपल्या व्यवसायबंधूंमध्ये वाढलेली दिसते. ही ऊर्मी स्वागतार्हच आहे. मात्र तिच्या पाठोपाठ येणारा पहिला विचार बहुधा एकच असतो, "जुने इंजिन काढून टाकू आणि दुसरे बसवू." या विचाराविषयी चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रथम थोडा इतिहास. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आपल्याकडे सर्वांत परिचित झाली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. तिचे 'हरिकेन' इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २२०० सीसीचे आणि पेट्रोलवर चालणारे. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी त्याची वैशिष्ट्यपूर्ण रचना. इंजिन दणकट, पण पेट्रोल पिणारे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिले आणि जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. कोणी ट्रॅक्टरच्या कुळातले इंजिन घातले, कोणी मॅटाडोरचे, म्हणजे मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातले २४०० सीसीचे. पुढे खुद्द महिंद्रनेच प्यूजोच्या परवान्याने तयार होणारे २११२ सीसीचे डिझेल इंजिन एमएम ५४० मध्ये दिले आणि तेही जुन्या जीपमध्ये जाऊ लागले. लष्कराच्या लिलावांतून नागरिकांकडे आलेल्या, जबलपूरच्या कारखान्यात बनलेल्या जोंगा गाड्यांची कथाही तीच. त्यांचे सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन सामान्य माणसाला परवडणारे नव्हतेच.

आपल्या भागात हे काम सहज होत गेले, याला कारण येथील कारागिरी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले ते याच बेळगावात. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांची सुरुवातही येथेच झाली. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लोखंडाशी जुळलेले या गावाचे नाते तुटले नाही. आज उद्यमबागेत लेथ, मिलिंग, ओतकाम, ग्राइंडिंग असे हवे ते काम होते. जे येथे होत नाही ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात होते. अडाप्टर प्लेट कापून देणारा टर्नर आणि माउंटिंग जोडून देणारा वेल्डर तासाभराच्या अंतरावर असल्यावर घरच्या अंगणात इंजिन बदलण्याचा मोह होणारच.

परंतु वाचकहो, एखादी गोष्ट करता येते, एवढ्यावरून ती करावी असे ठरत नाही. आपल्या व्यवसायाने आपल्याला हेच शिकवले आहे. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसावरील पहिले हृदयारोपण केले. नवे हृदय उत्तम चालत होते. रुग्ण मात्र अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. टाके चुकले नव्हते. परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी शरीराची प्रतिकारशक्तीच क्षीण झाली होती. अवयव बसवणे आणि शरीराने तो पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातला धडा. जीपच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू पडतो.

इंजिन गिअरबॉक्सला जोडले म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्यांनी पुढील हिशेब करून पाहावा. सीजे-३बीच्या डिफरन्शिअलचे गुणोत्तर ५.३८ आहे. टॉप गिअरमध्ये इंजिनाच्या ५.३८ फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी होते आणि गाडी सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्या घेणाऱ्या पेट्रोल इंजिनावर ताशी शंभर कि.मी. वेग मिळतो, ३००० फेऱ्यांवर पंचाहत्तर, आणि ट्रॅक्टरच्या कुळातल्या, २००० फेऱ्यांच्या आसपास काम करणाऱ्या इंजिनावर अवघा पन्नास. मग मालक वैतागतो आणि क्राऊन-पिनियन बदलायला निघतो. इंजिन जड असेल तर पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते. सम्प पुढच्या डिफरन्शिअलला घासू लागतो, एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याजवळ येतो. बेलहाउसिंगचे केंद्र केसभर सरकले तरी क्लचप्लेट आणि बेअरिंग वारंवार जातात. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. डिझेलला परतीच्या इंधनाची वेगळी नळी लागते, मोठी बॅटरी आणि जाड केबल लागते. ब्रेकला सर्व्हो बसवायचा तर व्हॅक्यूम पंप लागतो, कारण पेट्रोल इंजिनासारखा भरवशाचा व्हॅक्यूम डिझेलमध्ये मिळत नाही. एका अवयवाच्या बदलाने दहा अवयवांचे गणित बदलते.

या दहांमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ब्रेक. मूळ जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच मास्टर सिलिंडर, तोही एकेरी मार्गाचा. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. ही व्यवस्था त्या काळच्या रस्त्यांसाठी आणि वेगासाठी होती. वेग पन्नासावरून पंचाहत्तरवर गेला तर गाडीतली गतिज ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. ती सारी त्या चार ड्रमांनाच शोषून घ्यायची असते. तवंदीच्या घाटात किंवा चोर्ल्याच्या वळणांवर हा प्रश्न शालेय पदार्थविज्ञानाचा राहत नाही. अपघातानंतर त्याचे उत्तर आपल्याच टेबलावर येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ज्याच्याकडे इंजिनासाठी पैसे आहेत पण दुहेरी मार्गाच्या मास्टर सिलिंडरसाठी नाहीत, त्याने इंजिनाला हातच लावू नये. आधी थांबण्याची सोय करावी, मग पळण्याची.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. २००० सालच्या दुरुस्तीने हे कलम अधिक कडक झाले. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा पर्यायी इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची वाट त्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी आरटीओची रीतसर मान्यता घेऊन ज्यांच्या आरसी बुकात डिझेलची आणि नव्या इंजिन क्रमांकाची नोंद झाली आहे, त्यांनी ती कागदपत्रे जिवापाड जपावीत. परंतु 'सगळ्यांचे असेच असते' या भरवशावर आज नवा बदल करणे धोक्याचे आहे. विम्याच्या पॉलिसीवरही इंजिन क्रमांक असतो. अपघात झाल्यावर तो जुळला नाही तर विमा कंपनीला वाद घालण्यास आयती जागा मिळते. त्या वादात भरडला जातो तो गाडीखाली सापडलेला पादचारी आणि त्याचे कुटुंब.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. एमएच ०९ क्रमांकाची जीप कोल्हापुरातून घ्यायची, इंजिन तिकडेच बसवून घ्यायचे आणि गाडी निपाणीत किंवा बेळगावात वर्षानुवर्षे वापरायची, हे आपल्याकडे सर्रास चालते. नाती, बाजार आणि दवाखाने सीमारेषा मानत नाहीत हे खरेच. पण नोंदणी मानते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तेथे नवी नोंदणी घ्यावी लागते. म्हणून आधी ना हरकत प्रमाणपत्र आणून गाडी केए २२ किंवा केए २३ मध्ये आणावी. दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

मग जुनी जीप तशीच सडू द्यावी काय? मुळीच नाही. माझा आग्रह आहे तो निदानाचा. 'इंजिन गेले' हे निदान नव्हे. कॉम्प्रेशन मोजावे, रॅडिएटर आणि ब्लॉकमधला क्षार काढावा, कार्ब्युरेटर व इग्निशन तपासावे. बहुतेक वेळा इंजिन मेलेले नसते, थकलेले असते. रिबोअर, नवे पिस्टन-रिंगा, क्रँकचे ग्राइंडिंग, व्हॉल्व्हचे काम असे पूर्ण इंजिनाचे काम करून ते पुन्हा उभे राहते, आणि हे सारे उद्यमबागेत होते. ज्या कारणासाठी मागच्या पिढीने डिझेल बसवले ते कारणही आता उरलेले नाही. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोहोंतली जुनी तफावत आकसली. महिन्याला शे-दोनशे कि.मी. फिरणाऱ्या हौशी जीपला डिझेलची बचत ती काय होणार?

मूळ इंजिन राखण्याचा आणखी एक लाभ आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. अट एकच मोठी, की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालत नाही, पण वारसा म्हणून तिला मान मिळतो. भंगारात दिलेले इंजिन हा मान कायमचा घेऊन जाते. म्हणून ज्यांनी पूर्वीच इंजिन बदलले आहे त्यांनीही मूळ इंजिन, क्रमांकासह, तेल घालून कोपऱ्यात जपून ठेवावे.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आपला कायदा चांगला बदल आणि वाईट बदल यांत भेद करत नाही. जर्मनीत बदललेल्या गाडीची अधिकृत तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष तपासणी होते आणि योग्य ठरल्यास कागदपत्रांत नोंद होते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे गुणपद्धती होती. चासीला ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला अवघा १. मूळ भागांचे आठ गुण भरले तर जुना क्रमांक कायम राहत असे. गाडीची ओळख इंजिनापेक्षा तिच्या सांगाड्यात आहे, असा त्यामागचा विचार. आपल्याकडेही प्रत्येक गाडीची स्वतंत्र तपासणी करून ब्रेक, वजन आणि धूर यांच्या कसोटीवर मान्यता देणारी वाट असायला हवी. वाट नसली की लोक आडवाटेने जातात आणि आडवाटेवर तपासणी कोणीच करत नाही. आपल्यासारख्या सुशिक्षितांनी आडवाट शोधण्याऐवजी या वाटेची मागणी करणे अधिक शोभेल.

घरी काम करणाऱ्यांसाठी शेवटी काही वैद्यकीय सूचना. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, भक्कम घोड्या लावाव्यात. चेन-पुली घराच्या वाशाला बांधू नये. ग्राइंडर चालवताना चष्मा लावावा. बोटातली अंगठी आणि मनगटावरचे घड्याळ काढून ठेवावे, बॅटरीची अर्थ आधी सोडवावी. मिस्त्रीबरोबर काम करताना आपली पदवी बाहेर ठेवावी. या विषयात तो वरिष्ठ आणि आपण उमेदवार.

जुनी जीप दुरुस्त करणे हा उत्तम छंद आहे. मुलाबाळांना हातात पाना धरायला शिकवणारा, मोबाइलपासून दोन तास दूर ठेवणारा. त्या छंदाला निदानाची शिस्त, ब्रेकची काळजी आणि कागदांची शुद्धता यांची जोड मिळावी, एवढेच मागणे आहे. आपल्या स्नेह्यांच्या अंगणातील जीपगाड्या दीर्घायुषी होवोत आणि त्यांत बसणारी माणसे त्याहून अधिक, ही सदिच्छा.