खांबाचं टोक आणि "सांभाळून कर"

पानशेत-मुळशीकडे प्लॉट घेतला की पहिलं काम कुंपण. कुंपण म्हटलं की निलगिरीचे नाहीतर बाभळीचे खांब आले, आणि ते ठोकायचे तर टोक काढणं आलं. इथपर्यंत सगळं छान. पुढे आपली आयटीची जमात काय करते? चार इंची ग्राइंडर काढते, त्याचं गार्ड खोलून बाजूला ठेवते, लाकूड कापायची दातेरी चकती बसवते, खांब पायाखाली दाबते आणि सुरू! शेजारी उभा मित्र म्हणतो, "सांभाळून कर रे." झाली सुरक्षितता.

माझं भांडण या "सांभाळून"शी आहे.

ग्राइंडर हे धातू नि दगडाचं हत्यार. त्याची मूळ चकती घासते, दातेरी चकती चावते. दात गाठीत अडकला की चकती थांबत नाही, अख्खं मशीन उसळून अंगावर येतं. मग गणित करा. ४ इंची चकती, मिनिटाला साधारण ११,००० फेरे. म्हणजे कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर. तुमचा मेंदू "अरे!" म्हणायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी घेतो. तेवढ्यात चकतीचे ३६ फेरे झालेले असतात! यात सांभाळणार कधी? वर बऱ्याच ग्राइंडरचा खटका सोडला तरी चालूच राहतो. दातेरी पातं लावू नका, हे ग्राइंडरच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल वाचणं आपल्याकडे कमीपणाचं :-)

यावर हमखास उत्तर, "आमचा सुतार वीस वर्षं असंच करतोय." अहो, ज्याची बोटं गेली तो तुमच्या साइटवर येतच नाही, मग दिसणार कसा? उरलेल्यांकडे बघून पद्धत बरोबर ठरवायची, हे कुठलं इंजिनियरिंग? ऑफिसात नव्या पोराला लाइव्ह डेटाबेसचा पासवर्ड देऊन "डिलीट जरा सांभाळून मार" असं कोणी सांगेल का? आपण परवानगीच काढून घेतो. मग स्वतःच्या बोटांना एवढंही संरक्षण नको? (आणि तोच ग्राइंडर रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात देऊन आपण सावलीत चहा पिणार असू, तर ते अजून वाईट.)

बरं, मग करायचं कसं? मनगटाएवढा खुंट असेल तर छोटी धारदार कुऱ्हाड आणि गुडघ्याएवढा ओंडका पुरे. खुंट ओंडक्यावर उभा धरा, पण आपल्यापासून लांबच्या कडेला. नेम चुकला तर कुऱ्हाड ओंडक्यात रुतली पाहिजे, नडगीत नव्हे. धरणारा हात वर, घाव नेहमी त्याच्या खाली आणि खालच्याच दिशेने. एक बाजू तासली की पाव वळण द्या, पुन्हा तासा. चार पैलू झाले की हवं तर कोपरे मारून आठ करा. गोल पेन्सिलीसारखं टोक काढायच्या भानगडीत पडू नका. पैलू सारखे आहेत की नाहीत ते डोळ्याला लगेच कळतं, आणि सारखे नसतील तर खुंट ठोकताना तिरका जातो.

खांब जाड असेल तर तो हाताने धरायचाच नाही. दोन ओंडक्यांना खाचा पाडा, त्यात तो आडवा ठेवा, पाचरी मारा, दोरीने आवळा. मग साधी हातकरवत. तिरकी करवत सुरुवातीला घसरते, म्हणून आधी छोटी आडवी खाच घ्या. चार काप, प्रत्येक कापानंतर खांब फिरवून पुन्हा पक्का करायचा. हो, वेळ लागतो. एका खांबाला पंधरा-वीस मिनिटं धरा. वीस खांब म्हणजे अख्खा शनिवार गेला. जाऊ दे की! एरवी शनिवारी आपण कोणते दिवे लावतो?

लाकूड ओलं असतानाच हे उरका, सुकलेली बाभूळ करवतीला दाद देत नाही. टोकाची लांबी जाडीच्या दीड-दोनपट ठेवा आणि अगदी सुईसारखं करू नका, पहिल्या दगडावर चेमटतं. वरच्या टोकाच्या कडाही थोड्या उतरवून घ्या, नाहीतर घण बसला की डोकं फुटतं.. खांबाचं!