शाहिराचा कानावर हात

‘कानावर हात ठेवणे’ म्हणजे ‘मला काही ठाऊक नाही’ असं सांगणं. पण पोवाडा गाताना शाहीर कानाशी हात नेतो, तेव्हा त्याला उलट नीट ऐकायचं असतं. काय? स्वतःचाच आवाज!

आत्ताच एक कान तळहातानं झाका आणि ‘आऽऽ’ म्हणा. आवाज आतून घुमला ना? बाहेरचा गोंगाट कमी झाला आणि हाडांमधून आलेला तुमचा आवाज कानातच कोंडला.

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत किंवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवरच्या कर्ण्यांची तोंडं पाहा. ती प्रेक्षकांकडे असतात. गाणाऱ्याला ऐकू येतो तो भिंतीवर आपटून परतलेला आवाज. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भिंत १७ मीटरवर असली, तरी जाऊन-येऊन सेकंदाचा दहावा भाग उशीर! ताल चुकायला तेवढा पुरे.

मग पायाशी एक छोटा कर्णा ठेवतात. त्याचा आवाज माईकमध्ये शिरला, की कर्ण्यातून पुन्हा बाहेर, पुन्हा माईकमध्ये. हे चक्र वाढत जातं आणि ‘कुंईऽऽ’! सगळे कान झाकतात.

यावर युक्ती निघाली, कर्णाच कानात बसवायचा! १९९५ साली अमेरिकेत जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञानं अॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमवादकासाठी असे कानातले मॉनिटर बनवले. बिनतारी प्रकारात माईकचा आवाज मिक्सरमधून प्रक्षेपकाकडे जातो. तिथून रेडिओलहरी निघतात. कमरेला लावलेली छोटी पेटी त्या पकडते आणि कानात आवाज देते. वायर पायात अडकायची भीती नाही, नाचा खुशाल!

रेडिओलहरींचा वेग तर विचारूच नका. शहापूरहून मुरबाडला आवाज पोहोचू शकला असता, तर त्याला मिनिटभर लागलं असतं. रेडिओलहर पापणी लवायच्या आत पोहोचते.

पण एक ध्यानात ठेवा. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या एकदा मेल्या, की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून जाणते गायक आवाज बेताचाच ठेवतात. तुम्ही इअरफोन लावाल, तेव्हाही आई हाक मारते ती ऐकू आली पाहिजे, एवढाच ठेवा. नाहीतर पुढं खरोखरच कानावर हात ठेवायची वेळ यायची!