विटांवर उभी गाडी

एरवी या पानावर आपण लोणच्याला बुरशी का धरते, डाळ-तांदळाला टोके कसे लागतात, असल्या गोष्टी बोलतो. आज मात्र गाडीच्या चाकांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, "हा काय बाई विषय! ते 'हे' बघतील." माझी धाकटी जाऊही असंच म्हणायची. पण आमचे धाकटे भावोजी बोटीवर असतात, सहा-सहा महिने घरी नसतात. 'हे' बघणार कसे? आणि सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं ते जाऊबाईंनीच, गाडी चालवून.

२०२४ सालच्या आषाढातली गोष्ट. रात्रभर धो धो पाऊस. मंगळवारी सकाळी सहाला आईंचा हात धरून जाऊबाई खाली उतरल्या, तर गाडीची डावीकडची दोन्ही चाकं नाहीत! गाडी पेव्हर ब्लॉकवर उभी. तेही ब्लॉक सोसायटीच्याच आवारातले, कुंड्यांच्या कडेला रचून ठेवलेले. उजवी बाजू भिंतीला अगदी चिकटून होती, म्हणून ती दोन चाकं वाचली. वॉचमनमामांनी भर पावसात जाऊन रिक्षा आणली. पाऊण तास उशिरा का होईना, आई मशीनला लागल्या. पण त्या पाऊण तासात माझ्या जावेचं काय झालं असेल ते ज्यांच्या घरी असं दुखणं आहे त्यांना सांगायला नको.

आता चोरांना ही चाकंच का हवी असतात, ते आधी सांगते. पूर्वी ॲम्बॅसिडर, फियाटचे चकचकीत व्हीलकप जात. मुंबईच्या चोरबाजारात आपलेच व्हीलकप आपणच विकत घेऊन आलेल्या गृहस्थाचा किस्सा तुम्हीही कुणाकडून तरी ऐकला असेल. आता व्हीलकपांची जागा अलॉयच्या चाकांनी घेतली आहे. गॅरेजवाले त्यांना 'मॅगव्हील' म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांना एके काळी मॅग्नेशियमची चाकं असत, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या गाड्यांना असतात ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. दिसायला देखणी, आणि टायरसकट एका चाकाचा हिशेब सहज पाच आकड्यांत जातो. शिवाय एकाच्या गाडीची दुसऱ्याच्या गाडीला बसतात. साध्या लोखंडी डिस्कला कोण विचारतो?

आणि निघतात किती सहज! लहान गाडीच्या चाकाला साधारण चार नट, मोठीला पाच. ते खोलायला लागणारा पाना प्रत्येक गाडीच्या डिकीत असतो, म्हणजे चोराकडेही असणारच. जॅक लावायचा, चाक काढायचं, खाली दगड सारायचा. तुम्ही म्हणाल, गाडीला भोंगा आहे की! पण बहुतेक गाड्यांचा भोंगा दार उघडलं, काच फुटली तर ओरडतो. गाडी नुसती वर उचलली गेली, तर तो ढिम्म. कलंडलं की वाजणारे भोंगे असतात, पण ते सगळ्या गाड्यांना नसतात. आपल्या गाडीत कोणता आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा, नाहीतर विचारून घ्या.

तर पहिली गोष्ट. सकाळी गाडी अशी ठोकळ्यांवर दिसली, तर आत बसू नका, दार उघडून कागद शोधू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. ठोकळा सरकला तर हातपाय सापडतात. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, मग पंक्चरवाल्याला बोलावून गाडी जॅकवर घ्या.

याहून वाईट प्रकार दुसराच. चोर आधी नट ढिले करतो, मग जॅक लावतो. मध्येच कुणी खोकलं, कुत्रं भुंकलं, की तो पळतो. चाक जागेवरच असतं, पण नट सैल! आपण गडबडीत गाडी काढतो आणि पुढच्या वळणावर चाक डुगडुगायला लागतं. म्हणून गाडी बाहेर उभी राहत असेल तर रोज निघताना एक प्रदक्षिणा घाला. देवाला घालतो तशी एकच, चारी चाकांकडे नजर टाकत. एखादा नट बाहेर आलेला, नटावर ताजा चकचकीत ओरखडा, गाडीखाली वीट, असं काही दिसलं तर पान्याने सगळे नट घट्ट आहेत ना ते बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आता उपाय. 'लॉक नट' म्हणून चार नटांचा संच मिळतो. प्रत्येक चाकाचा एक साधा नट काढून तिथे हा बसवायचा. त्याला नेहमीच्या नटासारखे सहा कोन नसतात. बाहेरून गोल, आणि तोंडाशी वेडीवाकडी खाच. त्या खाचेत बसणारी एक छोटी चावी संचाबरोबर येते. ती मध्ये घातल्याशिवाय पाना लागू होत नाही. चाकाच्या किमतीच्या मानाने खर्च किरकोळ. मात्र गाडीचं मॉडेल सांगूनच घ्या, कारण आटे वेगवेगळे असतात. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १२ मिलिमीटर जाडीचे आणि सव्वा मिलिमीटर आट्याचे नट लागतात, ह्युंदाईच्या बहुतेकांना १२ आणि दीडचे. दुकानदार म्हणेल, "बसतंय की ताई!" दोन फेरे बसतो आणि मग आटे खातो, असं ते बसणं. काही गाड्यांना तर नट नसतातच, बोल्ट असतात. आणि नटाची चाकाला टेकणारी बाजू निमुळती आहे की गोलसर, तेही जुळायला हवं.

हे नट हातपान्याने बसवून घ्या. हवेच्या गनने घर्र करून आवळले तर खाच तुटते, आणि मग चोराच्या आधी आपल्यालाच चाक निघत नाही. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. चाक काढून बसवलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवून बघा.

खरं सांगायचं तर मुरलेला चोर लॉक नटावरही गोटीपाना ठोकून बसवतो आणि नट फिरवतो. पण त्याला वेळ लागतो, आणि आवाज होतो. चोराला नेमकं हेच नको असतं. बाहेरची कडी नुसती गरगर फिरते असेही नट मिळतात, त्यांच्यावर ठोकलेला पाना पकड घेत नाही. परवडले तर ते घ्या.

आता खरी गंमत त्या चावीची. मैत्रिणींनो, लॉक नट बसवलेल्या गाड्यांची फजिती चोरापेक्षा या चावीपायीच जास्त होते, असं मला टायरवाल्यांशी बोलून वाटू लागलं आहे. पंक्चर झालं घाटात आणि चावी घरी देवघराच्या खणात! किंवा सर्व्हिसिंगला गाडी दिली, तिथल्या मुलाने चावी काढली ती त्याच्याच पेटीत राहिली. म्हणून चावी गाडीतच ठेवायची, पण समोरच्या कप्प्यात नाही, तिथे चोर पहिला हात घालतो. डिकीत स्टेपनीशेजारी, एका जुन्या बटव्यात घालून, गालिच्याखाली. संचाबरोबर चावीच्या नंबराचं एक कार्ड येतं, ते मात्र घरी, विम्याच्या कागदांबरोबर. त्या नंबरावरून दुसरी चावी मागवता येते. गाडी गॅरेजमधून परत आली की आधी बटवा चाचपायचा. आणि घरात जो जो गाडी चालवतो त्या प्रत्येकाला जागा ठाऊक हवी.

गाडी लावतानाही थोडं डोकं चालवा. एक बाजू भिंतीला चिकटवा, मोकळी बाजू दिव्याकडे ठेवा. पुढची चाकं पूर्ण वळवून स्टिअरिंग लॉक करा, वळलेलं चाक काढणं अवघड जातं. मोठ्या गाड्यांची स्टेपनी मागे पोटाखाली टांगलेली असते, तिलाही वेगळं कुलूप मिळतं. आणि आवारात पेव्हर ब्लॉक, विटा, फरशा रचून ठेवू नका. चोराला ठोकळेसुद्धा आपणच पुरवायचे म्हणजे काय!

आता जे सांगायला मला जरा जड जातं ते सांगते.

त्या मंगळवारी दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर एकच चर्चा. रोज सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा यायचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. "त्यालाच माहीत कुठली गाडी कुठे असते." "परवा तो चाकांशी वाकून काय करत होता?" अहो, चाकं पुसत होता, दुसरं काय करणार! सोसायटीचा कॅमेरा होता, पण त्याच्याखालचा दिवा महिनाभर बंद, त्यामुळे चित्रात नुसता पाऊस आणि काळोख. बुधवारी आठ घरांनी त्या मुलाला "उद्यापासून येऊ नको" म्हणून सांगितलं. त्याची आई त्याच इमारतीत दोन घरी भांडी घासायची, तिचंही एक घर सुटलं. जाऊबाईंनी त्याला काही म्हटलं नाही. पण त्याची बाजूही घेतली नाही. "ताई, मला तेव्हा फक्त शुक्रवारचं डायलिसिस दिसत होतं," त्या मला म्हणाल्या.

दहा-बारा दिवसांनी समोरच्या इमारतीच्या कॅमेऱ्यात सापडलं. रात्री तीनच्या सुमारास एक पांढरी व्हॅन येऊन थांबली होती, तिघे उतरले होते. मुलाचा काही संबंध नव्हता. ग्रुपवर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि विषय संपला. जाऊबाई मात्र त्याच्या घरी गेल्या. तो गाड्या धुण्याच्या एका सेंटरवर लागला होता. "आता इथे बरं आहे, काकू," एवढंच म्हणाला. त्याच्या आईने चहा केला. परत आल्यावर जाऊबाई कितीतरी वेळ गप्प होत्या.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे असं काही झालं तर आधी कॅमेरे बघा, शेजारच्या इमारतीचेही. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा त्याच दिवशी मागा. नाव कुणाचं घ्यायचं ते त्यानंतर.

पोलिसांत तक्रार करायचीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, तिच्यात चोरीचं कलम ३०३ आहे. नव्या कायद्यानुसार तक्रार ऑनलाइनही कळवता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. चाकाची ओळख सांगता यावी म्हणून आत्ताच, आज दुपारीच, खाली जाऊन चारही चाकांचे फोटो काढून ठेवा. टायरच्या बाजूवर एक चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २२२३ म्हणजे २०२३ सालचा बाविसावा आठवडा. तीही टिपा. चाकाच्या आतल्या बाजूला गाडीचा नंबर बारीक कोरून घेतला तर आणखी चांगलं.

विम्याचं म्हणाल तर नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत यातला पैसाही मिळत नाही. संपूर्ण पॉलिसी असली तरी टायरच्या किमतीतून सहसा निम्मा घसारा कापतात. तुम्ही हौसेने नंतर बसवलेली मॅगव्हीलं पॉलिसीत नोंदवलेली नसतील तर वाद होतो. शिवाय दावा केला की साठलेला 'नो क्लेम बोनस' जातो. तेव्हा आधी बेरीज-वजाबाकी करा. जाऊबाईंनी पॉलिसी काढून बघितली, आणि कपाळाला हात लावला.

तशात एकाने निरोप आणला, अगदी तसलीच चाकं आहेत, निम्म्या किमतीत, बिलबिल काही नाही. मोह कुणाला होत नाही? पण बिलाशिवाय निम्म्या किमतीत मिळणारं चाक दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखालून आलेलं असतं. आणि चोरीचा माल आहे हे कळत असून घेतला तर कलम ३१७ आपल्याला लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेवटी त्यांनी चारही लोखंडी डिस्क घेतल्या, वर प्लास्टिकची व्हीलकव्हरं. काही गाड्यांना लोखंडी डिस्कसाठी नटही वेगळे लागतात, ते विचारून घेतले. उरलेली दोन मॅगव्हीलं माळ्यावर आहेत, जुन्या पातेल्यांशेजारी. भावोजी आल्यावर हळहळले, "गाडीची शोभा गेली." आई म्हणाल्या, "मला नेते-आणते ना, बस्स."

मंगळवारी निघताना जाऊबाई प्रदक्षिणा घालतात, आणि आई रिक्षावाल्यासारख्या मागच्या सीटवरून ओरडतात, "झाली का गं पूजा? उशीर होतोय!"

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना येणाऱ्या कुबट वासाबद्दल बोलू. त्यावर बऱ्याच जणींची पत्रं येऊन पडली आहेत.