तोंडचे ठोसे

१६ नोव्हेंबर २०२४. शनिवारची सकाळ. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते आणि बाहेरच्या खोलीत मुलगा, त्याचे चार मित्र आणि चक्क आमचे 'हे'सुद्धा टीव्हीसमोर ठाण मांडून बसले होते. अमेरिकेत टेक्सासमध्ये माइक टायसन आणि जेक पॉल यांची बॉक्सिंगची लढत होती. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७ चा. म्हणजे बाप-लेकाचं अंतर! मध्येच चित्र अडकायचं, गोल गोल फिरत राहायचं आणि पोरं ओरडायची.

मी बशा घेऊन बाहेर आले, तेव्हा मोठ्या लढतीला अजून वेळ होता. रिंगमध्ये दोन बायका होत्या. आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्टो रिकोची अमांडा सेरानो. डोक्याला डोकं लागून सेरानोची उजव्या डोळ्यावरची भुवई फाटली होती. रक्त गालावर उतरत होतं आणि ही बाई लढतेच आहे! मी दाराशी उभी राहिले ती उभीच राहिले. दहा फेऱ्या झाल्या. तिन्ही पंचांनी ९५-९४ असे गुण दिले. टेलर जिंकली, एका गुणाने. माझे पोहे गार झाले.

पण पोरं कशाबद्दल बोलत होती माहितीये? आदल्या दिवशी वजन करताना टायसनने पॉलच्या थोबाडीत मारली, त्याबद्दल. ती चित्रफीत मोबाइलवर दहादा लावून झाली होती. नंतर ती मोठी लढत झाली, ती अगदीच मिळमिळीत. टायसन दमला, आठ फेऱ्या कशाबशा संपल्या, पॉल जिंकला. लक्षात राहिली ती थोबाडीतच.

मला तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय. लढतीआधीची ही लढाई नेमकी कोणासाठी असते? आणि तिचा हिशेब कोण चुकता करतं?

आपल्याला क्रिकेटची सवय. तिथे वेळापत्रक ठरलेलं असतं, संघ येतात, खेळतात. व्यावसायिक बॉक्सिंगचं तसं नाही. तिथे लढत 'जमवावी' लागते, लग्नासारखी. मध्यस्थ असतात, देणंघेणं ठरतं, बैठका होतात, मोडतात, पुन्हा होतात. मग तिकिटं विकायची, टीव्हीवर बघणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे. दोन माणसं शांतपणे म्हणाली की 'बघू या, जो चांगला तो जिंकेल', तर कोण पैसे देणार? म्हणून पत्रकार परिषदा घ्यायच्या, एकमेकांच्या नाकाला नाक लावून रोखून बघायचं, आई-बाप काढायचे. वैर जितकं मोठं, तितका गल्ला मोठा.

यात सगळ्यांचा गुरू मुहम्मद अली. त्याचं नाव आपण शाळेपासून ऐकलंय. सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ साली त्याचा किताब काढून घेतला आणि साडेतीन वर्षं त्याला खेळू दिलं नाही. त्या काळात ज्यो फ्रेझर नावाच्या मुष्टियोद्ध्याने त्याच्यासाठी शब्द टाकला, अडीनडीला पैसेही दिले. म्हणजे दोस्तीच म्हणायची.

पुढे ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघांची लढत ठरली. (तारीख बघा, आपला महिला दिन!) दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. त्या काळात ही रक्कम म्हणजे डोळे पांढरे व्हायची वेळ. तिकिटं खपवण्यासाठी अलीने तोंड सोडलं. फ्रेझर कुरूप आहे, अडाणी आहे, हे तर झालंच, पण तो गोऱ्यांचा हुजऱ्या आहे असंही म्हणाला. आता फ्रेझर कोण? दक्षिण कॅरोलिनातल्या गरीब शेतकऱ्याचं बारावं मूल, खाटीकखान्यात काम करून वर आलेला. अलीपेक्षा गरिबी त्याने जास्त भोगली होती. पण अलीचं बोलणं गोड, यमकात, हशा पिकवणारं. फ्रेझरला असं उलट बोलता येत नसे. आपल्या घरातही अशी एखादी सून असते, जिला भरल्या पंगतीत टोमण्याला उत्तर सुचत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचतं.

फ्रेझरने उत्तर हाताने दिलं. पंधराव्या फेरीत डाव्या हाताच्या ठोशाने अलीला खाली पाडलं आणि लढत जिंकली. पण शाळेत जाणाऱ्या त्याच्या मुलांचं काय? तुमचा बाप असा, तुमचा बाप तसा, असं चिडवून वर्गातल्या पोरांनी त्यांना रडवलं. त्या मुलांनी कुठल्याही करारावर सही केली नव्हती हो!

१९७४ ला दुसरी लढत झाली, ती अलीने जिंकली. तिसरी १ ऑक्टोबर १९७५ ला, फिलिपाइन्समध्ये मनिला इथे. 'मनिला'शी यमक जुळतं म्हणून अलीने फ्रेझरला 'गोरिला' म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, रबराचा छोटा गोरिला खिशात ठेवला आणि पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारून दाखवले. सगळे हसले. चौदा फेऱ्या दोघे एकमेकांना अक्षरशः कुटत होते. फ्रेझरचे डोळे सुजून बंद झाले, तेव्हा त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी पंधराव्या फेरीला त्याला उठू दिलं नाही. अली जिंकला, पण मरणाच्या जवळ जाऊन आल्यासारखं वाटलं असं म्हणाला.

या मनिलाच्या प्रकरणात एक बाई आहे. तिच्याबद्दल खेळाच्या पानावर क्वचितच लिहिलं जातं. अलीची पत्नी बेलिंडा. अली मनिलाला गेला तो वेरोनिका पोर्शे या दुसऱ्याच मुलीला घेऊन. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या भेटीत तिचीच ओळख त्याची बायको म्हणून झाली. बेलिंडाला हे अमेरिकेत बातम्यांतून कळलं. ती विमानाने थेट मनिलाला पोचली, हॉटेलात कडाक्याचं भांडण केलं आणि तशीच माघारी फिरली. एवढा हजारो मैलांचा प्रवास, चार शब्द सुनवायला. लढतीची जाहिरात मात्र त्यामुळे आणखी झाली. एका बाईच्या घराची राख झाली तीही तिकिटं खपवायला उपयोगी पडली.

पुढे अलीने वेरोनिकाशी लग्न केलं. त्यांची मुलगी लैला, जन्म डिसेंबर १९७७ चा. मनिलाच्या लढतीनंतर दोन वर्षांनी. आणि गंमत बघा, ही लैला बॉक्सर झाली! इकडे फ्रेझरची मुलगी जॅकी वकील झालेली, तीन मुलांची आई, चाळिशीला टेकलेली. तिनेही हातमोजे चढवले. ८ जून २००१ ला न्यूयॉर्क राज्यात या दोघींची लढत झाली आणि तिला नाव काय दिलं, तर 'अली-फ्रेझर चौथी लढत'. म्हणजे मुलींनाही बापाच्याच भांडणाचा पुढचा अंक केलं. आठ फेऱ्या झाल्या, लैला जिंकली. पण जॅकीचं मला कौतुक वाटतं. लहानपणी बापाची टिंगल ऐकलेली ही मुलगी, चाळिशीत बापाचं नाव घेऊन उभी राहिली. नंतर ती फिलाडेल्फियात न्यायाधीशही झाली.

त्याच २००१ साली अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली. रागाच्या भरात बोलू नये ते बोललो, ते सगळं लढतीच्या जाहिरातीसाठी होतं, असं सांगितलं. तीस वर्षांनी! फ्रेझरच्या मनातली अढी मात्र सहजासहजी गेली नाही. मध्यंतरी १९९६ मध्ये अटलांटाला थरथरत्या हाताने अलीने ऑलिम्पिकची ज्योत पेटवली, तेव्हा जगाचे डोळे पाणावले आणि फ्रेझर कडवट बोलला. लोकांनी फ्रेझरला नावं ठेवली. मी मात्र नाही ठेवणार. ज्याच्या पोरांना शाळेत चिडवलं गेलं, त्यालाच माहीत. नोव्हेंबर २०११ मध्ये फ्रेझर गेला, तेव्हा आजारी अली अंत्यविधीला आला होता. २०१६ ला तोही गेला.

हे झालं पैशासाठी पेटवलेलं वैर. आता आपल्याकडचं एक उदाहरण सांगते. तिथे तिकिटं विकायचीच नव्हती, तरी आपण बघ्यांनी ते भांडणच केलं. मेरी कोम आणि निखत झरीन.

२०१९ साली ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेसाठी ५१ किलो गटात मेरी कोमला चाचणीशिवाय पाठवायचं घाटत होतं. सहा वेळा जगज्जेती, लंडनचं कांस्यपदक, मुलाबाळांची आई. तिचा मान मोठाच. पण निजामाबादची, म्हणजे आपल्या नांदेडच्या शेजारची, २३ वर्षांची निखत त्याच गटात होती. तिने क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं. २३ सुवर्णपदकं जिंकलेल्या मायकेल फेल्प्सलाही दरवेळी पात्रता सिद्ध करावी लागते, मग इथेही चाचणी व्हावी, एवढंच तिचं म्हणणं. मेरी कोम भडकली. ही निखत कोण, असं जाहीर विचारलं. झालं! वाहिन्यांना दिवाळीच. गुरू विरुद्ध चेली, कालची पोर विरुद्ध राणी...

खरं सांगते मैत्रिणींनो, तेव्हा मीही म्हणाले होते, "काय बाई आजकालच्या मुली, मेरी कोमला आव्हान देते!" निवडीचा नियम काय आहे, तो सगळ्यांना सारखा का नको, हा तिचा मूळ प्रश्न माझ्या डोक्यातच शिरला नाही. दोन बायका समोरासमोर आल्या की नळावरचं भांडण दिसतं आपल्याला. अली-फ्रेझरचं तेच ऐतिहासिक वैर होतं, त्यावर जाड जाड पुस्तकं निघतात!

२८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत चाचणी झाली. मेरी कोम ९-१ अशी जिंकली. निखत गळाभेटीला पुढे गेली, मेरीने हातही मिळवला नाही. जी इतरांना मान देत नाही तिला मी का द्यावा, असं म्हणाली. मला दोघींचंही समजतं. एवढी वर्षं घाम गाळल्यावर कोणी 'पुन्हा सिद्ध कर' म्हटलं की कळ लागतेच. पण मान मागणं वेगळं आणि जागा अडवणं वेगळं. निखत हरली तरी चाचणी मात्र झाली, हे तिच्या पत्राचं यश. मे २०२२ मध्ये इस्तंबूलला ती जगज्जेती झाली. परत आल्यावर मेरीबरोबरचा फोटो टाकून तिने लिहिलं की, आपल्या आदर्शाच्या आशीर्वादाशिवाय विजय पूर्ण होत नाही. या फोटोवर किती वाहिन्यांनी तासभर चर्चा केली? मी तरी बघितली नाही.

हे सगळं मनात घोळतंय त्याला कारण आहे. कामानिमित्त मी आसपासच्या गावांत जाते. एका गावात मागे ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर दोन सख्ख्या जावाच उभ्या राहिल्या. दोघी आमच्या बचत गटातल्या, दोघी कामाच्या. त्यांचं आपापसात ठरलं होतं, कोणीही निवडून आलं तरी पाण्याच्या टाकीचं काम करायचं. पण प्रचार त्यांच्या हातात होता कुठे? तो होता नवऱ्यांच्या, दिरांच्या, चौकातल्या पोरांच्या. भोंग्यावरून काय काय ओरडलं गेलं! एकीचं माहेर काढलं, दुसरीची जुनी उसनवारी काढली. ऐकायला गर्दी हीऽऽ! टाकीबद्दल मी एकही वाक्य ऐकलं नाही. निकाल लागला, एक आली, एक पडली. भोंगेवाले दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला.

मी मध्यस्थी करायला दोनदा गेले. दोघींनी चहा दिला, दोघींनी विषय टाळला. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, ती वाईट नाही हो. पण माझ्या पोरीला शाळेत आजीच्या नावाने चिडवतात, ते कसं विसरू?"

परवा पुन्हा त्या गावावरून गेले. टाकीचं काम जोत्यापर्यंत आलंय. दोन्ही घरांतली पोरं शाळेच्या एकाच रिक्षात होती, पण एक पुढे रिक्षावाल्याजवळ आणि एक मागे, दप्तर मांडीवर घेऊन.