ओळखक्रमांक यंत्रालाही वाचता यावा

आमच्याकडे येणाऱ्या लेखांच्या संदर्भसूच्या तपासताना एक गोष्ट सतत खटकते. उल्लेखिलेल्या लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, असतो, तो प्रकाशकाच्या पानावर ठळक छापलेला असतो, आणि तरी सूचीत उतरतो तो ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता. यात लेखकाला दोष देणे मला पटत नाही. डीओआयवर क्लिक केले की वाचक प्रकाशकाच्या पानाकडे वळवला जातो आणि पट्टीत त्या पानाचा पत्ता येतो. ज्या क्रमांकाने त्याला तिथवर आणले तो पट्टीतून गेलेला असतो. डोळ्यांपुढे असलेला पत्ता लेखक उचलतो. हर्बर्ट व्हान दे सोम्पेल, मार्टिन क्लाइन आणि शॉन जोन्स यांनी २०१६ मध्ये शोधनिबंधांतील संदर्भ तपासून हीच सवय दाखवून दिली होती. पुढे संकेतस्थळ नव्याने बांधले गेले की तो पत्ता निकामी होऊ शकतो. डीओआयच्या नोंदीत नवा पत्ता भरता येतो, छापून गेलेल्या सूचीत तो कोण भरणार?

संदर्भ जमवणारी सॉफ्टवेअरे हे काम आपल्यासाठी करू शकतात, पण त्यांनाही क्रमांक सापडला पाहिजे. माणूस पानावर नजर टाकून ओळखतो की शीर्षकाखालचा डीओआय या लेखाचा आणि तळाशी असलेले चाळीस डीओआय संदर्भांचे. प्रोग्रामला ते सगळे सारखेच दिसतात. त्याला कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते.

ते सांगण्याची ठरलेली रीत एप्रिल २०१९ पासून आरएफसी ८५७४ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाच्या रूपाने उपलब्ध आहे. तिच्यात ‘साइट-अ‍ॅज’ (cite-as) नावाचा दुवा-संबंध ठरवून दिला आहे: ‘माझा उल्लेख करायचा तर या पत्त्याने करा’, असे पान स्वतःच सांगते. ही एक ओळ एचटीएमएलच्या ‘हेड’ भागात घालता येते किंवा सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणाऱ्या ‘लिंक’ हेडरमध्ये. दुसरी जागा मला अधिक मोलाची वाटते. पीडीएफला, प्रतिमेला, डेटाच्या फाइलला एचटीएमएलचे ‘हेड’ नसते, हेडर मात्र प्रत्येकीसोबत जातो. फाइल न उतरवताही यंत्र तो वाचू शकते.

‘कॅनॉनिकल’ दुवा आहेच की, असे काही सहकारी म्हणतात. तो शोधयंत्रांना एकाच मजकुराच्या अनेक पत्त्यांपैकी पसंतीचा पत्ता कळवण्यासाठी आहे, आणि प्रकाशक तिथे सहसा आपल्याच संकेतस्थळाचा पत्ता देतात. उल्लेखासाठी त्याचा आधार घेऊ नये.

प्रबंधांचेही तेच. शोधगंगा या भारतीय प्रबंध-भांडारातील प्रबंधांना १०६०३ या उपसर्गाचा हँडल, म्हणजे डीओआयसारखाच कायमचा क्रमांक, मिळतो. संदर्भसूच्यांत त्याच प्रबंधांच्या पत्त्यात कधी ८०८० हा पोर्ट दिसतो, कधी दिसत नाही. हँडल तोच राहतो. विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ज्या भांडारांची देखभाल आपण ग्रंथपाल करतो, तिथे डीओआय किंवा हँडल विकत अथवा मागून घेतला की काम झाले असे समजले जाते. माझ्या मते तिथे अर्धेच काम झालेले असते; तो क्रमांक यंत्राला सांगणे उरते.

आपल्या भांडारातले एक पान ब्राउझरमध्ये उघडा. डेव्हलपर टूल्समधील ‘नेटवर्क’ पट्टी लावून ते पुन्हा लोड करा आणि आलेल्या हेडरांत ‘लिंक’ शोधा. मग पानाच्या स्रोतात ‘साइट-अ‍ॅज’ शोधा. दोन्हीकडे काही नसेल, तर सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याशी याच आठवड्यात बोला. त्या दुव्यात डीओआयचा किंवा हँडलचा पूर्ण पत्ता द्या, नुसता क्रमांक नको, आणि एका पानाला एकच द्या.